झाकण लावून काढलेला फोटो

परसात, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, पाण्याच्या टाकीला खेटून दुर्बीणबाईचं राज्य होतं. दुर्बीणबाई म्हणजे घरातली थोरली मुलगी, यंदा दहावीत. हे नाव बाबांनी ठेवलेलं. मामानं स्वतः आरसा घासून बनवलेली ती लांबलचक नळी तिला मिळाली तेव्हा, चला, गटाराचा पाइप वाया गेला नाही, असंही तेच म्हणाले होते. तिनं मनावर घेतलं नाही. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दाराजवळच्या मोठ्या भिंतीवर या वर्षी आपलाच फोटो लागणार, असा तिनं चंगच बांधला होता. आजवर ती दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत आली होती. आता पुरे.

तिला हवा होता पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ. नुसत्या डोळ्यांना धुरकट डाग, आणि दुर्बिणीतून मूठभर साखर सांडल्यासारखे तारे. जुना डिजिटल कॅमेरा नळीला जोडायचा, एकामागून एक ढीगभर फोटो काढायचे आणि संगणकावर ते एकावर एक रचायचे. त्यात एक गंमत असते. काही फोटो नळीच्या तोंडावर झाकण लावून मुद्दाम काळेकुट्ट काढायचे. त्यांत फक्त कॅमेऱ्याचे स्वतःचे खोटे ठिपके उमटतात. ते खऱ्या फोटोंतून वजा केले की आकाश कसं धुतल्यासारखं निघतं.

त्या संध्याकाळी तिनं काळे फोटो आधी उरकायला घेतले. तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, आणि तिसऱ्या हाकेतला सूर ओळखून ती पळालीच. कॅमेरा आपला आपण टिकटिकत राहिला. जेवून आली तेव्हा काम संपलं होतं, झाकण जागच्या जागी होतं. सगळं उचलून ती संगणकासमोर बसली आणि खुर्चीतच उडाली. सुरुवातीचे फोटो काळे होते, पण पुढच्या सगळ्यांत तारे असे टपोरे उमटले होते की बस्स. पळताना घाईत झाकण आपणच काढलं असेल आणि मागून कुणीतरी लावलं असेल, असं तिनं धरून चाललं.

आईनं एकदाच पाहून नाक मुरडलं. तारे कसले, ही तर पालीची अंडी, म्हणाली; पिवळट, ओलसर, एकमेकांना चिकटलेली. धाकट्या बहिणीला, चिमीला, तर दुर्बीणबाईनं फोटो पाहूच दिला नाही. प्रदर्शनात बघ, म्हणाली, सगळ्यांबरोबर. विज्ञानाच्या बाईंनी मात्र बघताक्षणी मोठी भिंत देऊन टाकली. फोटो भिंतीएवढा छापून आला आणि त्याच्याखाली दुर्बीणबाईनं ठळक अक्षरांत पाटी लावली: अगदी जवळ येऊन पाहा.

तिचे डोळे तो फोटो पहिल्यांदा पाहिल्यापासूनच खुपत होते. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या, आणि कोपऱ्यातून दोऱ्यासारखं काहीतरी निघायचं, ओढावं तसं लांबत जाणारं. संगणकापुढे बसून बसून झालंय, असं तिनं स्वतःला समजावलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी ती चिमीवर उगाचच खेकसली. फोटोच्या एका कडेला सावली आलीय, त्या दिवशी परसात येऊन तूच झाकणाशी खेळलीस, वगैरे वगैरे.

चिमी फुरंगटली. "मी नाही हात लावला. तू जेवत होतीस तेव्हा बघायला गेले होते फक्त. झाकण लावलेलंच होतं. तू काढलंच नव्हतंस, ताई."

"मग तारे कुठून आले?"

"मला काय माहीत. दुर्बीणबाई तू."

हसून सोडून देता आलं असतं. पण शंका आली की ती तपासल्याशिवाय दुर्बीणबाईला चैन पडत नसे. खोलीची दारं-खिडक्या लावून तिनं नळीवर झाकण दाबून बसवलं, वरून जाड टॉवेल गुंडाळला आणि फोटो काढला.

गुच्छ होता. आधीपेक्षा दाट.

तिनं कॅमेरा सोडवला, त्याच्याच तोंडावर टोपण लावून पुन्हा फोटो काढला. काळा. स्वच्छ. म्हणजे जे काही होतं ते नळीत होतं. तिनं झाकण ओढलं. ते चटकन सुटलं नाही; पिकलेल्या जखमेवरची पट्टी निघावी तसं, ताणत ताणत, ओलं निघालं. आरसा लख्ख. नळी रिकामी. झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र बुळबुळीत साय धरली होती, आणि सडक्या अंड्याचा भपकारा थेट घशात गेला. तिचं बोट त्या सायीला लागलं. साबणानं धुतलं, मातीनं घासलं, तरी बोट गुळगुळीतच. मोरीत ओणवी होऊन तिनं कोरड्या ओकाऱ्या काढल्या.

मग, जरा बरं वाटावं म्हणून, तिनं डोळे मिटले.

हेही झाकणच की. ते लावलं होतं, तरी गुच्छ दिसत होता.

सकाळी ती शाळेत गेली ती फोटो उतरवायचाच, असं ठरवून. खरंच ठरवून. पण भिंतीपाशी ही गर्दी लोटलेली. मुख्याध्यापक पाहुण्यांना तिचं कौतुक सांगत होते. बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, आणि पाइपाचा विनोद साफ विसरून कोणा अनोळखी माणसाला सांगत होते, की हा आमच्या मुलीचा.

निकाल लागू दे, ती मनात म्हणाली. मग काढते.

निकाल लागला. पहिला नंबर. टाळ्या झाल्या.

पण टाळ्या विरळ होत गेल्या. एकेकाचा हात मध्येच डोळ्याकडे जात होता. बाई चष्मा काढून पुसत होत्या, घालत होत्या, पुन्हा पुसत होत्या. बाबा डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी ओढत होते.

ओढतच होते.

तिनं चिमीला शोधलं. चिमी भिंतीपाशी होती. पाटीवर लिहिलं होतं तशी, अगदी जवळ, फोटोला नाक टेकवून.

तिनं चिमीला खांद्याला धरून मागे ओढलं आणि आपल्याकडे वळवलं. चिमीचे डोळे मिटलेले होते. बोट हवेत एकेका जागी टेकवत ती हळू आवाजात मोजत होती. मध्येच चुकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पुन्हा चुकली.

"हलू नका ना," ती कुरकुरली. "मोजतेय ना मी."