मेन बंद आहे ना, काका?

यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. नाजिमा ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. हे सांगताना आजही तिच्या हातातला चहा तसाच गार होतो.

गेल्या डिसेंबरातला रविवार. विश्रांतवाडीतला एक फ्लॅट. भर दुपार.

नाजिमा आणि तिचा नवरा नियाज यांनी तो फ्लॅट खालच्याच मजल्यावर राहणाऱ्या वैजनाथकाकांकडून घेतला होता. हॉलच्या छताला प्रोजेक्टर लावायचा, आणि तो अन् मधला दिवा फोनवरून चालू-बंद व्हावा म्हणून स्मार्ट स्विच बसवायचे, ही नियाजची हौस.

त्याने मेन स्विच पाडला. लाकडी स्टुलावर चढून छतातल्या भोकात हात घातला. मेन कोणी चुकून चालू करू नये म्हणून नाजिमा पॅसेजमध्ये उभी राहिली.

हॉलमधून आवाज आला.

"मेन बंद आहे ना?"

"हो," ती म्हणाली.

थोड्या वेळाने पुन्हा...

"नक्की ना, काका?"

नाजिमाला हसू आलं. "अहो, काका कोणाला म्हणताय?"

तिने डोकावून पाहिलं. नियाजच्या दातांत स्क्रू ड्रायव्हर होता. तो त्याने काढला.

"मी कुठे काय बोललो?"

पंखा बंद. फ्रिज बंद. घर अगदी चिडीचूप...

आणि छतातून कोणाच्या तरी श्वासाचा आवाज.

"वरच्यांकडे कोणीतरी असेल," नियाज म्हणाला. पण तो खाली उतरला. स्विचला लागणारी न्यूट्रल वायर काही सापडत नव्हती. वायरिंग काकांच्या काळातलं, म्हणून त्याने त्यांनाच बोलावलं.

काका आले, पण हॉलच्या दारातच थबकले.

"तो वरचा पॉइंट राहू द्या. काय अडलंय तुमचं त्याच्यावाचून?"

"काका, मेन बंदच आहे."

तेवढ्यात...

दिवा लागला.

त्याच्या दोन्ही वायरी सुटून लोंबत होत्या. तरी लागला.

"मेन बंद आहे ना, काका?"

या वेळी तिघांनीही ऐकलं. आवाज रिकाम्या स्टुलाच्या वरून येत होता.

काकांचे ओठ हलले.

"हो, सुखदेव. बंद आहे."

त्यांचा उजवा हात वर उचलला गेला. डाव्या हाताने मनगट धरून ते तो मागे ओढत होते. पण हात दाराशेजारी स्विचसाठी उघडून ठेवलेल्या बोर्डाकडे सरकत राहिला...

आणि चिकटला.

नियाजने स्टुलाचा तडाखा देऊन त्यांना सोडवलं. खोलीभर करपल्याचा वास पसरला. दिवा विझला होता.

काका जमिनीवर पडल्या पडल्या बोलू लागले.

"वायरमन होता. वर काम करत होता. मी बंद आहे म्हणालो, आणि मेन चालू केला. मॅच होती हो... शेवटची ओव्हर."

"आणि लोकांना काय सांगितलंत?" नाजिमाने विचारलं.

"पिऊन पडला आणि गेला म्हणून."

हॉस्पिटलमध्ये त्यांचा हात कोपरापासून काढावा लागला.

नाजिमाला राहवेना. सुखदेवची बायको दीपमाला लोणी काळभोरला राहते, हे काकांच्या घरूनच कळलं. ती तिला भेटायला गेली आणि सगळं सांगितलं. दीपमाला दारात मेथी निवडत बसली होती. ऐकताना तिचे हात एकदाही थांबले नाहीत.

"गावानं मला दारुड्याची बायको म्हणलं," ती म्हणाली. "त्यांनी कधी थेंब घेतला न्हाई."

मग वर न बघता तिने विचारलं, "हातच गेला व्हय?"

"हो."

"आन् जित्ता हाय?"

"हो."

दीपमालाने मान वळवली. मागच्या अंधाऱ्या, रिकाम्या खोलीकडे पाहिलं.

"ऐकलं न्हवं तुमी?"

नाजिमा घरी पोहोचायच्या आधीच काका गेले होते.

हॉस्पिटलमधल्या त्यांच्या खोलीतली ट्यूबलाइट दुरुस्तीला काढून नेलेली होती. तरी दाराच्या फटीतून लख्ख उजेड येत होता, असं नर्स म्हणाली. दार बाहेरून काही केल्या उघडत नव्हतं. आत काका कोणाला तरी "बंद आहे, बंद आहे" म्हणून विनवत होते.

नाजिमा मला एवढंच विचारते, "मी सांगायला गेले नसते, तर?"