धुक्यातली जुनी हाक

आईला एकदा तिच्या माहेरी न्यायचे, हे धाकटीच्या मनात बरीच वर्षे होते. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात लोकांचे कान तपासण्याच्या कामातून तिला सवड मिळत नव्हती. शेवटी आईच म्हणाली, "गुडघे शाबूत आहेत तोवर नेलंस तर नेलंस." थंडी पडण्याआधी मायलेकी निघाल्या.

डोंगरांनी ओंजळीत पाणी धरावे तसे ते तळे होते. काठाने चार-पाच गावे, दगडी भिंतींची, उतरत्या छपरांची. गावागावांमध्ये रस्ता असा नव्हताच. जायचे-यायचे ते नावेतून. मामा नाव घेऊन उभाच होता.

"ताई, सांभाळून बस. तू बसलीस की नाव अजून तुझ्याच अंगाला कलते."

"नावच म्हातारी झालीये तुझी. खापर माझ्यावर कशाला?"

सकाळभर मामाने त्यांना गावे दाखवली. विणकरांच्या गावात लाकडी कठड्यांवर ओले सूत वाळत होते. कुंभारांच्या गावात भट्ट्यांचा धूर पाण्यावर आडवा पसरला होता. आईचे बोट सारखे कुठेतरी रोखलेले. त्या ओट्यावर आम्ही खडे झेलायचो. त्या खिडकीतून एक खवट म्हातारी आमच्या अंगावर पाणी ओतायची, आणि आम्ही मुद्दाम तिथूनच जायचो. तिचा बसका, खरखरीत आवाज त्या दिवशी भलताच हलका झाला होता. तळ्याच्या मधल्या खोल पाण्यावर मात्र ती गप्प झाली, आणि मामानेही वल्ही भराभरा मारली.

कारण धाकटीला ठाऊक होते. आईचे वडील, आबा, याच पाण्यात गेले. या गावांत धुके उतरले की घरातल्या बाईने धक्क्यावर उभे राहून हाक द्यायची, आणि नावाड्याने वल्ह्याच्या ठोक्याने उत्तर देत त्या आवाजाच्या रोखाने यायचे. घराघराची हाक वेगळी, म्हणजे ज्याची नाव त्याच्याच धक्क्याला लागते. नाव टेकेपर्यंत हाक थांबवायची नाही, एवढा एकच नियम. आजी आधीच वारलेली, म्हणून त्या दिवशी लहानगी आई हाका देत उभी राहिली. आवाज फाटला तरी ती हटेना. शेवटी शेजाऱ्यांनी तिला उचलून घरी नेले. आबांची नाव काही टेकली नाही. आईला मग दूर आत्याकडे धाडले, तिथेच ती लहानाची मोठी झाली, आणि तो फाटलेला आवाज जन्माचा सोबती झाला.

दुपारी दोघींना घरी सोडून मामा पलीकडच्या गावी गेला. मामीचा पाय मुरगळला होता, त्यावर लावायचा लेप आणायचा होता. तो परतीला लागला असेल-नसेल, तोच डोंगरावरून धुके घसरले. खिडकीतून दिसणारा धक्का गेला, मग अंगणातले झाड गेले.

"वन्सं, तुम्हालाच जावं लागणार," मामी अंथरुणातून म्हणाली. "पण जुनी हाक नको हं. आबांनंतर आपली हाक बदललीये. आता आखूड द्यायची... हो, हो, हो."

"कळलं गं," आई म्हणाली.

धक्क्यावर शेवाळाचा आणि ओल्या लाकडाचा वास कोंडला होता. पाणी दिसत नव्हते, नुसते चुबुकचुबुक वाजत होते. आईने हात तोंडाशी नेले, आणि तिच्या गळ्यातून निघाली ती एकच लांब हाक, खोल उतरत गेलेली आणि शेवटी एकदम वर उचललेली.

"आई, ही नव्हे..."

"जिभेवर तीच बसलीये गं," आई ओशाळून पुटपुटली.

तेवढ्यात पाण्यावरून उत्तर आले. नावेच्या कडेवर वल्ह्याचा ठोका, आणि मागोमाग लाकूड लाकडावरून ओढल्याची करकर.

"आला मामा!"

"तो नाही." आईचा आवाज अगदी खाली गेला होता. "तो नुसतं ठोकतो... ओढत नाही."

धाकटीचा व्यवसायच आवाजांचा. धुक्यात दिशा फसते, डोंगर आवाज परतवतात, असे तिने स्वतःला बजावले. पण आईने पुन्हा तीच हाक दिली होती, या खेपेला जाणूनबुजून.

"थांब ना, आई! मामा या हाकेवर कसा येईल?"

"मधेच कशी थांबू? एकदा थांबवलं होतं मला..."

हाकेगणिक त्या आवाजातली खरखर गळत गेली. शेवटी तो इतका कोवळा झाला, की शेजारी एखादी लहान मुलगी उभी असावी. मान वळवून बघण्याचे धाकटीला धैर्य झाले नाही.

दगडाला लाकूड टेकले. आई वाकली. तिचा पुढे केलेला हात कुणाच्या तरी भाराने खाली ओढला गेला, मग सावरला. हाक थांबली. पायऱ्यांवर पावले वाजली. आईची, आणि तिच्यासोबत आणखी कुणाची, जड आणि ओली. दोन्ही घराच्या वाटेला लागली.

आईमागे धावावे म्हणून धाकटी वळली, आणि जागीच थबकली. मामा अजून पाण्यात होता. ती पुन्हा तळ्याकडे तोंड करून उभी राहिली.

"हो! हो! हो!"

घसा सोलवटला. मागे पायऱ्यांवर ओले पाऊल पुन्हा वाजल्यासारखे वाटले, आणि मानेवरून केसांत काहीतरी गार फिरले. धुके असेल, असे म्हणत ती हाका देत राहिली. पुष्कळ वेळाने वल्ह्याचा साधा, कोरडा ठोका ऐकू आला, आणि मामाची नाव धुक्यातून बाहेर आली.

"माझी तर वाटच लागली होती," तो धापा टाकत म्हणाला. "आधी कसलीशी परकी हाक यायची, मी उलटाच निघालो होतो खोल पाण्याकडे. तू हाका द्यायला लागलीस म्हणून वाचलो बघ. ताई कुठंय?"

"घरी गेली."

"एकटीच?"

धाकटी घराकडे धावत सुटली, आणि मामा तिच्यामागे.

आई चुलीपुढे पाठमोरी बसली होती, अगदी स्वस्थ. तिचा पांढरा अंबाडा सुटला होता. त्या जागी दोन वेण्या होत्या, घट्ट विणलेल्या, पाणी ठिबकणाऱ्या, आणि टोकांना नावेच्या दोराचे धागे बांधलेले. मामाने एक वेणी हातात घेतली आणि चटका बसावा तशी सोडली.

"आमची आई गेल्यावर हिच्या वेण्या आबाच घालायचे..."

"हळू बोल," आई म्हणाली. मग धाकटीकडे वळून ती हसली, धाकटीने कधीच न पाहिलेले, बाळपणीचे हसू. "ये, बस इथं. तुझ्या वेण्या राहिल्यात. मघाशी धक्क्यावर तू सारखी हलत होतीस म्हणे."

धाकटीचा हात आपसूक डोक्याकडे गेला. केसांत मधोमध सरळ भांग पडलेला होता, आणि तो ओला होता.