दीडशे की सव्वादोनशे

मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत कुणी नसतं, असं बनूला वाटलं होतं. ती दबक्या पावलांनी आत आली, कपाटातलं काचेचं मोजपात्र उचललं, पदराखाली धरून वळली — तोच टेबलाखालून आवाज आला.

"ते फुटलं तर हेडमास्तर मला उभा सोलतील, बाई."

पाठोपाठ हंबीरराव बाहेर आला. हातात पाना, केसांत कोळिष्टक. नाव हंबीरराव, पण अंगानं असा की वाऱ्यात उभा राहिला तर माणसापेक्षा सदराच जास्त दिसावा. साताऱ्याच्या त्या शाळेत प्रयोगशाळा तोच सांभाळायचा. बनू जूनपासून पाचवीला मराठी शिकवत होती. चार महिन्यांत दोघांचं बोलणं नमस्कारापलीकडे गेलं नव्हतं. नजर मात्र दोन-चारदा गेली होती, आणि दोन्हीकडून घाईनं परत आली होती.

"काय मोजायचंय एवढं?"

"काकवी," बनूच्या तोंडून निघून गेलं. "आत्या वड्या करतीय. माप चुकलं की बिघडतात म्हणे..."

"काकवी सीसीत मोजणारी आत्या साऱ्या जिल्ह्यात एकच असंल." तो हसला, की हसू दाबलं, तिला कळलं नाही. "न्या. उद्या परत आणा. आणि एक वडी."

जिन्यावरून उतरताना बनू स्वतःवरच चिडली. जगात एवढ्या वस्तू असताना तिनं काकवीचंच नाव का घ्यावं?

ती सात वर्षांची होती, तेव्हा वाळव्याकडच्या त्यांच्या गुऱ्हाळात काहिलीतली उकळती काकवी तिच्या छातीवर उडाली होती. जखम भरली. पुढं ती वयात आली, डावी बाजू इतर मुलींसारखी भरली, पण उजवीकडे भाजलेलं कातडं ताणून बसलं आणि त्याखाली काही वाढलंच नाही. चौदाव्या वर्षी रंगूआत्यानं तिला कापूस भरलेली गादी शिवून दिली. ती चोळीच्या आत घालायची. नऊ वर्षं बनूनं ती घातली होती. धावायचं नाही, वाकायचं नाही, दोन्ही हात एकदम वर करायचे नाहीत, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. हे आत्याशिवाय साताऱ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता मिरजेला एक डॉक्टरबाई परदेशातून शिकून आल्या होत्या. सिलिकॉनची पिशवी कातड्याखाली बसवतात, असं कळल्यावर आत्यानंच तिला नेलं. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, "आधी चांगल्या बाजूचं माप आण. पातेलं काठोकाठ भर, परातीत ठेव, वाकून ती बाजू पाण्यात बुडव. परातीत जेवढं सांडेल तेवढं मोजून मला कळव. मग मी पिशव्या मागवते."

त्या संध्याकाळी दार लावून बनूनं मोजलं. दोनशे वीस.

"आता वड्याबी कराव्याच लागतील की गं," आत्या म्हणाली आणि तिळाच्या केल्या.

दुसऱ्या दिवशी हंबीररावानं वडी तोंडात टाकली, डोळे मिटले. "काकवी कुठं हाय यात?"

"मोजण्यातच संपली."

तो इतका हसला की बाहेरची पोरं डोकावली. त्या दिवसापासून काहीतरी सुरू झालं. कधी तो तिच्या वर्गावर खडू आणून द्यायचा, कधी नकाशाची काठी, जिची तिला गरज नसायची. शाळा सुटल्यावर राजवाड्यापर्यंत दोघं बरोबर चालायची. मध्ये हातभर अंतर. एकदा पावसाची सर आली तेव्हा त्यानं छत्री उघडली आणि सगळी तिच्यावर धरली.

"तुम्ही भिजताय."

"मी बारीक हाय. दोन थेंबांच्या मधून जातो."

बनू हसली, पण खांदे सावरून. खळखळून हसलं की गादी सरकायची.

संक्रांतीनंतर एका संध्याकाळी तो चालता चालता थांबला. "आमचे सुभेदार... म्हणजे वडील... येत्या रविवारच्या पुढल्या रविवारी घेऊन येऊ का? तुमच्या आत्याकडं?"

काय विचारतोय हे न कळायला ती लहान नव्हती. "या," ती म्हणाली. आणि घरी पोचेपर्यंत तिनं तीनदा पदर सावरला.

त्याच आठवड्यात मिरजेहून पत्र आलं, पिशव्या आल्या आहेत. गुरुवारी रजा काढून ती आत्याबरोबर गेली. डॉक्टरबाईंनी टेबलावर दोन पिशव्या ठेवल्या, थंड आणि मऊ. एक दीडशे सीसीची, एक सव्वादोनशेची.

"मापानं बघितलं तर ही मोठी तुझी," त्या म्हणाल्या. "पण नुसतं दुसऱ्या बाजूचं माप बघून चालत नाही. तुझ्या छातीची रुंदी बघायची, वरचं कातडं किती ताण सोसेल ते बघायचं. तुझं भाजलेलं कातडं आहे. मोठी बसवली तर दोन्हीकडे सारखं दिसेल, पण टाका उसवू शकतो, पिशवी काखेकडे सरकू शकते. मग काढावीच लागेल. दीडशेची नीट बसेल, पण थोडी लहान दिसेल. मी माझं मत सांगितलं. धोका समजून तू ठरव. सोमवारी सांग."

परतीच्या एसटीत आत्यानं निकालच दिला. "मोठीच घे. देवानं दिलं न्हाई ते डॉक्टरीण देतीय, तर हात आखडता कशाला? आणि त्या पोराला काय बोलायचं न्हाई. लग्नानंतर कळलं तर म्हणायचं, लहानपणी भाजलं हुतं. तेवढ्यावर भागतंय."

"आणि उसवलं तर?"

"उसवलं तर... बघू तवा." आत्यानं लिंबू नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. तिला गाडी लागायची.

त्या रात्री बनूला झोप आली नाही. सव्वादोनशे घेतली तर हंबीररावाला कधीच काही कळणार नाही. कळणार नाही... हेच तिला खुपत होतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती प्रयोगशाळेत गेली. तो बाटल्या विसळत होता.

"तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी मी काकवी मोजली नव्हती."

"मला ठाऊक हाय. काकवी मोजलेलं भांडं एवढं लख्ख परत येत न्हाई." तो वळला. तिचा चेहरा बघून त्याचं हसू विझलं.

तिनं सगळं सांगितलं. काहील, कापसाची गादी, पाणी, दोन पिशव्या, सोमवार. नजर वर न करता, टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत. सांगून झालं तेव्हा नळाचं पाणी तसंच वाहत होतं.

हंबीररावानं नळ बंद केला. मग हातातली बाटली उलटी करून ठेवली आणि निघून गेला.

शनिवारी तो शाळेत आला नाही. प्रयोगशाळेला कुलूप होतं.

रविवारी दारात कुणाचंही पाऊल वाजलं की बनू उठून उभी राहायची. सुभेदारांचा निरोप येणार, पुढच्या रविवारी न येण्याचं काहीतरी कारण सांगणार, असं तिला वाटत होतं. निरोपही आला नाही. संध्याकाळी आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हणलं हुतं ना, बोलू नगस."

"व्हय, म्हणलीस."

"आता मोठीच घे. निदान पुढचा तरी..."

बनूनं मान हलवली. पुढच्याला सांगायचं नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं. सव्वादोनशे. उसवलं तर उसवलं.

सोमवारी पहाटेच्या मिरज गाडीत आत्या खिडकीशी लिंबू घेऊन बसली आणि वळण यायच्या आत झोपली. बनूच्या शेजारी, बाकाच्या कडेला कुणीतरी येऊन बसलं. बनूनं बघितलं, आणि पटकन नजर खाली घेतली.

"शुक्रवारी मी पळालो," हंबीरराव म्हणाला. "माफ करा. तुमच्याकडनं ऐकून घ्यायचं आणि आपलं झाकून ठेवायचं... जमंना मला."

"तुमचं काय झाकलेलं?"

तो पुढच्या बाकाच्या दांडीकडे बघत बोलला. "एकोणीस वर्षांचा असताना भरतीला गेलतो. आमच्या घरात तीन पिढ्या फौजेत. वजन भरावं म्हणून डझनभर केळी खाल्ली, वर तांब्याभर पाणी. वजन भरलं. छाती भरंना, अर्धा इंच कमी. मग मी श्वास कोंडून फुगवून उभा राहिलो. हवालदारानं टेप लावली आणि म्हणाला, 'शाब्बास, आता असाच थांब.' आणि दुसऱ्याशी बोलत बसला."

"मग?"

"मग काय... पडलो की धाडकन्. शुद्धीवर आलो तवा टेप गुंडाळून झाली हुती." बनूला हसू आलं, तिनं ते ओठात धरलं. "घरी सांगितलं, कान अधू म्हणून काढलं. सात वर्षं सुभेदार माझ्याशी मोठ्यानं बोलत्यात. गावात पोरं बहिऱ्या म्हणत्यात. म्हणोत. पण छातीत नापास, हे कुणाला बोललो न्हाई."

"आज मला बोललात."

"आधी सुभेदारांना बोललो. शनिवारी गावाकडं गेलो ते त्यासाठीच. तुमचं एक अक्षर काढलं न्हाई, ते तुमचं. माझं तेवढं सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'मला त्याच दिवशी कळलं हुतं. तो हवालदार माझ्याच पलटणीचा.'"

"मग सात वर्षं मोठ्यानं का बोलत होते?"

"तेच विचारलं. म्हणाले, 'तू कवा सांगतोस, ते बघत हुतो.'"

आता मात्र बनूला हसू आवरलं नाही. आत्या झोपेतच कुशीवर वळली. गाडी कराडच्या पुलावर आली, कृष्णेचा गार वारा आत शिरला. दोघांच्या मधलं हातभर अंतर या बाकावर नव्हतंच.

"बनूबाई," तो हळूच म्हणाला, "किती सीसी घ्यायची, ते मी सांगणार न्हाई. अंग तुमचं. पण फुगवून उभं राहिलेला माणूस हाय मी. श्वास किती वेळ कोंडता येतो, ते मला ठाऊक हाय. माझ्यासाठी कोंडू नका."

बाकावर टेकलेला तिचा हात जरासा सरकला, त्याच्या हाताला लागला आणि तिथंच राहिला... मिरज येईपर्यंत.

डॉक्टरबाईंच्या खोलीत आत्या खुर्चीच्या मागं उभी होती. टेबलावर त्याच दोन पिशव्या होत्या.

"ठरलं?"

"दीडशे," बनू म्हणाली.

आत्यानं मागून खांदा दाबला. बनूनं तिचा हात थोपटला, पण शब्द बदलला नाही.

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "माझ्या मते बरोबर आहे. पण पुन्हा सांगते, कपड्यांवरून नाही, तरी जवळून बघणाऱ्याला फरक कळेल."

"जवळून बघणाऱ्याला," बनू म्हणाली, "सांगून झालंय."