आधी आत आलेली

हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर मी सांभाळायचो. जावा भाषेत लिहिलेलं, जुनं, पण चालायचं. नर्सेस एकमेकींच्या खात्यातून औषधांच्या नोंदी करायच्या आणि मग घोळ व्हायचे. म्हणून मी एक साधा बदल केला. एका खात्यावर एका वेळी एकच लॉगिन. दुसरीकडे उघडलं की आधीचं आपोआप बंद.

दुसऱ्याच दिवशी माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ती तिथेच, वरच्या वॉर्डात सिस्टर होती.

"अरे, सारखी बाहेर फेकली जातेय मी. कुणीतरी माझ्या नावाने शिरतंय."

"पासवर्ड बदल ना मग, ताई."

"बदलला रे. कुणाला सांगितलाही नाही…"

मग मी नियम उलटा केला. जो आधी आत आला तो राहील, नंतरच्याला दार बंद. ताई सगळ्यांच्या आधी ड्युटीवर येते, तेव्हा चोर आयताच बाहेर अडकेल, असा माझा हिशेब.

सकाळी ताईलाच लॉगिन होईना. 'तुम्ही आधीच आत आहात', एवढंच स्क्रीनवर.

मी वर गेलो. खिडक्यांतून लख्ख ऊन, फिनेलचा उग्र वास, आणि भरलेला वॉर्ड असूनही कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मी कॉम्प्युटरपाशी बसलो. ताई शेजारच्या खाटेवरच्या आजोबांसाठी इंजेक्शन भरू लागली.

"परत?" आजोबा दचकले. "आत्ताच तर देऊन गेलात…"

त्यांच्या दंडावर ताजा कापूस चिकटवलेला होता. ताईचं तोंड पांढरं पडलं. ते औषध लागोपाठ दोनदा गेलं असतं, तर आजोबा हाती लागले नसते.

"काढ तिला," ताई कुजबुजली. "जी कोण असेल ती… बाहेर काढ."

मी तिच्या खात्यावरचं चालू लॉगिन तोडलं. त्याच क्षणी पलीकडच्या ड्रेसिंगच्या खोलीत काहीतरी खणकन आपटलं. धावत गेलो. खोली रिकामी. फरशीवर ट्रे तेवढा अजून गरगरत होता.

परत आलो तोवर ताईचं लॉगिन झालं होतं.

"सुटले बाई एकदाची," ती हसली आणि नाडी बघायला तिने आजोबांचं मनगट धरलं. त्यांनी बर्फाचा चटका बसावा तसा हात ओढून घेतला. ती पुढच्या खाटेकडे वळली, तेव्हा त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"आधीच्या सिस्टरना का घालवलंत हो?" त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "त्यांचे हात तरी उबदार होते…"