पहिलं नको

रविवारी गिरीश धामणकर साताऱ्याच्या ‘विसावा’ वृद्धसेवालयात पोचला, तेव्हा आईच्या खाटेला मोगऱ्याची माळ होती आणि उशाशी उभ्या यंत्र-शुश्रूषकाच्या पोटातून मंद तानपुरा वाजत होता. आई भिंतीला टेकून बसली होती. तिची बांगडी पार कोपराकडे घसरली होती.

“कुमुदताईंनी अन्नत्याग करून देह ठेवायचं ठरवलंय,” शुश्रूषक अदबीनं म्हणाला. “त्यांच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो.”

“मी?” आई म्हणाली. “मला कुणी सांगितलं नाही.”

सेवेला माणसं मिळेनात, म्हणून ही यंत्रं आली. पहिली पिढी म्हाताऱ्यांना धरून भरवायची. त्यावर बोंबाबोंब झाली. मग या आठवड्यात नवी यंत्रं आली, त्यांत संमतीचं सर्किट बसवलेलं. कुणी नको म्हटलं की यांचा हात जागच्या जागी थांबे.

गिरीशनं खोदून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. शुश्रूषक ताट आणून विचारी, वाढू का? आई म्हणे, नको, फारशी भूक नाही, आणि आग्रहाची वाट बघे. तोवर ताट स्वयंपाकघरात परत गेलेलं असे. चार-पाच दिवस तिनं शेजारणीच्या राजगिऱ्याच्या लाडवांवर काढले होते.

“अगं, मग हो म्हणायचं.”

“पहिल्याच फटक्याला? हपापल्यासारखं?”

गिरीशनं यंत्राला समोर बसवून पंगतीची रीत समजावली. पहिलं नको लोकलाजेचं, दुसरं सवयीचं. खरं काय ते तिसऱ्यांदा कळतं, आणि तेही तोंडानं नाही. हात ताटावर आडवा आला तरच वाढणाऱ्यानं थांबायचं. शुश्रूषकानं तानपुरा बंद केला. वरण-भात आणून तीनदा विचारलं. आईचा हात आडवा आला नाही. ती जेवली, मान वर न करता, दोनदा भात घेऊन.

गिरीशला बरं वाटलं. निघताना त्यानं पिशवी खांद्याला लावली आणि दर रविवारचा प्रश्न विचारला.

“आई, घरी येतेस का?”

“नको रे. इथं बरंय.”

“बरं.” तो वळला.

दारात शुश्रूषक उभा होता.

“गिरीशराव, हे पहिलं होतं.”

गिरीशनं मागे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती. तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते.

“दुसऱ्यांदा तुम्ही विचारता,” शुश्रूषक हळूच म्हणाला, “की मी विचारू?”