दुपारच्या जेवणाऐवजी

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक माणूस येऊन बसला आणि त्याच्या पिशवीतून अगदी माझ्यासारखाच डबा डोकावला. तोच निळा रंग, झाकणावर तीच सडपातळ बाई. मी माझा डबा घाईघाईनं ओढणीखाली सरकवला. त्यानं पाहिलंच.

"लपवू नका," तो हळूच म्हणाला. "मी कुणाला सांगणार नाही."

"मी कुठे लपवतेय?"

"बरं... नाही लपवत."

आणि हसला. मेला असा हसला की मलाही हसू आवरेना.

माझा डबा ताईनं आणला होता. जिना चढताना मला धाप लागते, हे तिला फार दिवस खुपत होतं. जेवणाऐवजी ही पावडर पाण्यात ढवळून प्यायची की काम झालं, असं तिचं म्हणणं. बाबा मात्र अडून बसले. "आधी डॉक्टरांना विचार, मग काय ढवळायचं ते ढवळ." म्हणून मी रक्ताचा रिपोर्ट घेऊन इथे. आणि शेजारच्याच्या गळ्यात डबा मारला होता त्याच्या मेव्हण्यानं.

डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या आणि स्वभावानं कडक. वजन, रक्तदाब, कुठल्या गोळ्या चालू आहेत, मागे काही आजार... सगळं खोदून विचारलं, डब्यावरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचलं. मग म्हणाल्या, "फक्त दुपारचं जेवण सोडा. सकाळी आणि रात्री नीट जेवायचं. पाणी भरपूर. चक्कर आली तर त्याच दिवशी बंद. महिन्यानं येऊन तोंड दाखवा, आणि मी थांब म्हटलं की थांबायचं."

मग तो आत गेला. मला खरं तर निघायला हरकत नव्हती, पण चपलेचा पट्टा काही केल्या लागेना. लागत कसा नव्हता... मीच लावत नव्हते.

तो बाहेर आला तो जरा उतरलेल्या चेहऱ्यानं.

"काय म्हणाल्या?"

त्यानं आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चालेल म्हणाल्या. दुपारी, एक वेळ."

"मलाही तेच."

"मग एकेकट्यानं कशाला उपाशी राहायचं?"

बोलता बोलता कळलं की आमच्या दुकानांची मागची दारं समोरासमोर आहेत. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. तो बक्षिसाच्या कपांवर विजेत्यांची नावं कोरतो. मधे एक सामायिक अंगण, एक झाड आणि त्याखाली दगडी बाक. इतकी वर्षं मी त्या बाकावर साधी टेकलेही नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून दुपार झाली की आम्ही आपापला शेकर घेऊन तिथे हजर. पावडर हलवायच्या या बाटल्याही सारख्याच, डब्याबरोबर फुकट मिळालेल्या. माझा शेक म्हणजे ओला भुसा. मी नाक मुरडत घोट घ्यायची आणि तो माझ्याकडे बघत शांतपणे प्यायचा.

"तुम्हाला आवडतं हे?" मी चिडून विचारायची.

"सवयीनं आवडतं. तुम्हीही आवडून घ्या."

"कुणाला?"

"शेकला... म्हणत होतो मी."

त्याच्या बोटांना धातूचा वास यायचा. बाहीवर पितळेचा बारीक चुरा असायचा आणि तो झटकावा असं मला रोज वाटायचं. रोज हात मांडीवरच राहायचा. सकाळी काच घासताना मी अंगणाच्या खिडकीकडे किती वेळा बघते, हे मालकांनीही ओळखलं होतं. रविवार तर मला खायला उठायचा.

एकदा बोलण्याच्या नादात माझ्या हाती त्याचा शेकर आला. घोट घेतला आणि थबकले. दूध, कुस्करलेलं केळं, वर खजूर. चांगली मेजवानी चालली होती गृहस्थाची, आणि मी इतके दिवस भुसा गिळत होते. मला असा राग आला... पण तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हा खोटं कशासाठी बोलतोय ते माझ्या लक्षात आलं होतं. मी विचारलं असतं, तर उद्यापासून त्याला इथे यायला कारणच उरलं नसतं. मी गुपचूप शेकर बदलला. त्या दिवशी दुकानात परतताना पायांना जमीन लागत नव्हती.

महिन्यानं डॉक्टरीणबाईंनी रक्त पाहिलं, वजन पाहिलं. "छान. आता बंद. उद्यापासून दुपारी जेवायचं." माझं तोंड एवढंसं झालं. त्यांना वाटलं, मला आणखी बारीक व्हायचंय. त्यांनी चांगलं झापलं.

मी त्यांचं ऐकलं, अगदी मनापासून. दुपारी दुकानातच जेवण उरकायचं आणि शेकरमध्ये साखर घातलेलं दूध भरून अंगणात जायचं. आता बाकावर शेक कुणीच पीत नव्हतं आणि दोघंही पितोय असं दाखवत होतो.

त्या सोमवारी तो उशिरा आला. शाळेच्या कपांची मोठी ऑर्डर होती, सकाळपासून मान वर केली नव्हती म्हणे. दोन घोट घेतले आणि त्याच्या कपाळावर दरदरून घाम फुटला. जो हात केसाएवढी रेघ कोरतो, तो थरथरत होता.

"काय होतंय?"

"काही नाही... खिशात... साखर."

मी त्याच्या खिशातली पुडी फाडून साखर त्याच्या तोंडात घातली. मग केळ्याचं दूध पाजावं म्हणून त्याचा शेकर उचलला, तर आत ओला भुसा.

"हे काय? केळं कुठाय?"

"आणायला... वेळच नाही मिळाला. म्हटलं आज एक दिवस खरी पावडर..."

मी माझा शेकर त्याच्या ओठांना लावला. पिता पिता त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण थांबला नाही. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला.

"मधुमेह आहे मला, इन्सुलिनची इंजेक्शनं घेतो," तो म्हणाला. "लहानपणापासून. वेळेवर जेवावं लागतं, नाहीतर साखर एकदम उतरते. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हा डबा तुमच्यासाठी नाही, मेव्हण्याला परत द्या."

"आणि रोज?"

"तुम्ही गेलात की धावत जाऊन जेवायचो."

माझा संताप संताप झाला. "इंजेक्शन घेऊन माझ्यासमोर अर्धपोटी बसायचं, हे कुणी शिकवलं तुम्हाला? आणि मी तरी किती मूर्ख, केळ्याचं माहीत असून गप्प बसले."

"माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही जेवायला निघून गेला असता."

तो माझा शेकर हलवून म्हणाला, "हे तर दूध आहे."

"मला बंद करायला सांगितलंय. मागच्या आठवड्यातच."

"तरी रोज येत होता?"

"तरी रोज येत होते." मला रडू येत होतं आणि थांबवायची इच्छाही नव्हती. "ऐका... माझ्यासाठी कुणी उपाशी राहिलेलं मला नको. मला तुम्ही धडधाकट हवे आहात, खूप वर्षं हवे आहात. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. इतक्या हळू, की वारा असता तर ऐकू आलं नसतं.

मी डोळे पुसले. "उद्यापासून दोघांचं जेवण इथे. ते दुपारचं झालं. रात्री कुणाबरोबर जेवता?"

"रेडिओबरोबर."

"त्याला सांगून ठेवा, आजपासून ती जागा माझी."

आतून मालकांनी मला हाक मारली, मग पुन्हा मारली. पण माझा हात त्याच्या हातात होता आणि तो सोडत नव्हता.