एका वाक्याची दुरुस्ती

श्रावणातल्या रविवारी शिवाजी पेठेत लख्ख ऊन पडलं होतं. दत्तप्रसाद जेवून लॅपटॉपपुढं बसला. काम किरकोळ होतं. कुणीही दुरुस्त करू शकेल अशा एका मुक्त सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेतलं एक वाक्य बदलायचं. असल्या पुस्तिका लिहायचा सगळ्यांना कंटाळा, वाचायचा त्याहून जास्त. दत्तप्रसादनं मात्र ही एकदा वाचली होती आणि तिच्यावर विश्वास ठेवला होता.

रेग्युलर एक्स्प्रेशन वापरून, म्हणजे ठरावीक साच्यानं, मजकूर हुडकणाऱ्या एका फंक्शनबद्दल तिथं लिहिलं होतं, 'सापडलं नाही, तर ते मजकुरात नाही.' साफ खोटं. फंक्शन एका वेळी एकच ओळ बघायचं. नाव दोन ओळींत तुटलं असेल तर त्याला ते दिसायचंच नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या महापुरात दत्तप्रसाद मदतकेंद्राच्या फोनवर बसला होता. छावण्यांतल्या लोकांच्या याद्या याच फंक्शननं धुंडाळायचा. शिरोळहून हंबीरराव मान्यांचा फोन आला. गडबडीत बायकोशी चुकामूक झाली होती.

"चिमणाबाई हंबीरराव माने. हाय का बघा की, पावणं."

त्यानं बघितलं. "न्हाय," म्हणाला.

"मग घरातच ऱ्हायली ती," म्हणत हंबीरराव परत पाण्यात शिरले. चौथ्या दिवशी त्यांचं प्रेत मिळालं. चिमणाबाई छावणीत सुखरूप होत्या. आता त्या लेकीकडं, निशिगंधाकडं, कळंब्यात राहतात. मदतकेंद्रातला ओळखीचा म्हणून दत्तप्रसाद त्यांच्याकडं जायचा, चहा प्यायचा. तो फोन आपणच उचलला होता, हे सांगायचं धाडस त्याला कधी झालं नाही.

परवा जुनी यादी चाळताना त्याला ती तुटलेली जागा दिसली. 'चिमणाबाई' एका ओळीच्या टोकाला, 'हंबीरराव माने' खालच्या ओळीत. दुसऱ्या कुणाचा असा घात होऊ नये म्हणून आज त्यानं खोटं वाक्य काढलं, बरोबर उदाहरण लिहिलं आणि ते त्याच यादीवर चालवून पाहिलं. नाव सापडलं. प्रकल्प सांभाळणाऱ्या आदर्शनं तासाभरात दुरुस्ती मंजूर केली. दत्तप्रसादला हलकं वाटलं. चहा ठेवायला तो उठला, तेवढ्यात फोन वाजला.

नंबर दिसत नव्हता. पलीकडं आधी नुसतं पाणी होतं. संथ, मोठं, उसाच्या रानावरून पसरत चाललेलं. मग खोलीत गाळाचा वास यायला लागला, भर उन्हात.

"पावणं... बायकोचं नाव परत एकदा बघा की."

आवाज ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. फोन ठेवून द्यावा, पण बोटं उघडेनात. 'न्हाय' म्हणावं, पण ते एकदा म्हणून झालं होतं.

"हाय," तो पुटपुटला. "सापडलं नाव."

पाण्याचा आवाज थांबला.

"जित्ती हाय?"

"व्हय."

"कुठं?"

तेव्हा कुठं दत्तप्रसाद भानावर आला. कोण विचारतंय, आणि कशाला. त्यानं दात आवळले. घशापर्यंत आलेला पत्ता गिळून टाकला.

"ऱ्हाऊ द्या," आवाज मऊ झाला. "हाय एवढं कळलं, बास. हुडकतो माझा मी. निघालो न्यायला."

फोन बंद झाला. दत्तप्रसादनं निशिगंधाला फोन लावला.

"ताई, आई कुठं हायत?"

"हितंच हाय की. पण आज काय झालंय तिला, कुणास ठाऊक. सहा वर्सांनी कुंकू लावून बसलीया..."

"दार लावा! कुणी आलं तरी उघडू नका!"

फोन कानाशी धरूनच त्यानं लॅपटॉप ओढला. नाव परत हरवावं म्हणून आपली दुरुस्ती पुसली आणि ते जुनं खोटं वाक्य पुन्हा लिहून पाठवलं. सापडलं नाही, तर ते मजकुरात नाही. लगेच आदर्शचं उत्तर आलं. 'हे चुकीचं आहे. नामंजूर.'

फोनमध्ये लांबून चिमणाबाईंचा आवाज आला. "अगं, किती येळ उभं ऱ्हायाचं त्यांनी? पार भिजल्यात..." आणि कडी काढल्याचा आवाज.

"ताई? ताई, कोण हाय दारात?"

निशिगंधा अगदी हळू म्हणाली, "कोण न्हाय, दादा... आईनं टॉवेल पुढं केला आन् सोडला. टॉवेल खाली पडला न्हाय."